शिट्टीचं वाण

मोहना सबनीसला राजवर्धन सोसायटीत तिच्या नावानं हाक मारणारे थोडेच. पाठीमागे, आणि बरेचदा तोंडावरही, सगळे तिला ‘आजवाबेन’ म्हणत. आजवा म्हणजे बडोद्याच्या वरच्या अंगाचं सरोवर. पाऊस लागून राहिला की ते भरतं, भरलं की त्याचं पाणी विश्वामित्रीत सुटतं, आणि विश्वामित्री फुगली की समा भागातल्या ज्या सोसायट्यांना आधी धडकी भरते त्यांत राजवर्धन सोसायटीचा नंबर फार वर लागतो. सरोवर किती भरलं याची काळजी करायला सरकारची माणसं नेमलेली आहेत, पण मोहनाचा त्यांच्यावर म्हणावा तसा भरवसा नव्हता. जून उजाडला की ती सकाळी दूध तापवायच्या आधी मोबाइलवर आजव्याची पातळी बघायची. मग जिन्यात भेटेल त्याला ती सांगायची, त्यानं विचारलेलं असो की नसो.

“आजवाबेन, आजे केटलुं भरायुं?” असं एखादा स्कूटर काढता काढता मुद्दाम विचारायचा. मोहनाला त्यातली थट्टा कळायची. तरीही ती आकडा सांगायची.

तिचं घर तळमजल्यावर. नवरा जनार्दन नंदेसरीच्या एका कारखान्यात पाळीनं कामाला, मुलगी रसिका लग्न होऊन पुण्याला. मोहना घरबसल्या साड्यांना फॉल लावायची, बीडिंग करायची. त्यामुळे सोसायटीतल्याच नव्हे, आसपासच्या बायकांच्याही ठेवणीतल्या साड्या तिच्या कपाटात असायच्या, आणि पावसाळ्यात त्या सगळ्या माळ्यावर चढायच्या. त्यांच्या शेजारी प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत कागदपत्रं, एका डब्यात मेणबत्त्या, बिस्किटं, क्लोरीनच्या गोळ्या, जनार्दनच्या रक्तदाबाचं औषध. जनार्दन म्हणायचा, “अगं, आपल्याला पुरात राहायचंय की सियाचेनला?” मोहना हसायची नाही. या एका बाबतीत तिला विनोद सोसत नसे, आणि त्याला कारणही तसंच होतं.

२०१९च्या पुरात ती आणि तिची सासू दोघीच घरी होत्या. जनार्दन कारखान्यात अडकलेला. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पाणी दारातून येणार म्हणून मोहना उंबऱ्याशी गोणपाटं लावत बसली होती आणि पाणी आलं मोरीतून. काळं, घाण मारणारं, बुडबुडत वर आलं आणि बघता बघता पलंगाच्या पायांना लागलं. तिनं सासूबाईंची गादी जेवायच्या टेबलावर चढवली, त्यांना कसंबसं वर घेतलं आणि त्यांना सोडून जिन्याकडे जायचा धीर होईना म्हणून खिडकीशी जाऊन हाका मारायला लागली. वरच्या मजल्यावर माणसं होती. त्यांचे दिवाणखाने तिच्या डोक्यावरच होते. पण पावसाचा आवाज असा की तिची हाक तिलाच ऐकू येईना. घसा बसेपर्यंत ती ओरडली. शेवटी समोरच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरचे वसंतराव कर्णिक स्वतःच्या घरातलं सामान वर नेता नेता सहज इकडे वळून पाहतात काय, आणि खिडकीच्या गजांतून हलणारा हात त्यांना दिसतो काय! रेल्वेतून निवृत्त झालेला तो माणूस कंबरभर पाण्यातून आला, आणखी दोघांना घेऊन आला आणि सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्चीसकट वर घेऊन गेला. सासूबाई पुढे आपल्या पलंगावर, आपल्या माणसांत, सुखानं गेल्या. त्या वसंतरावांमुळे, असं मोहना ज्याला त्याला सांगायची.

पण तिच्या मनात घर करून राहिलं ते वेगळंच. वसंतरावांनी वळून पाहिलं नसतं तर? पुन्हा पूर आला आणि कुणीतरी असंच खाली राहून गेलं तर? माणूस डोक्यावर असून हाक पोचत नाही, हे तिनं अनुभवलं होतं. पावसाची सर जरा जोरात आली की ती खालच्या मजल्यावरची घरं मनातल्या मनात फिरून यायची.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिनं दोनदा पुराचा विषय काढला. पहिल्यांदा पार्किंगचा वाद निघाला, दुसऱ्यांदा नाश्ता आला. मग तिनं बायकांचा रस्ता धरला. संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्याकडे दरवर्षी असायचं आणि त्याला मराठी-गुजराती सगळ्या यायच्या, कारण मोहनाच्या हातची गुळाची पोळी आणि तिनं लुटलेलं वाण दोन्ही कामाचं असे. २०२४च्या संक्रांतीला तिनं मंगळबजारातून पिशवीभर शिट्ट्या आणल्या. दोरीच्या, लालभडक, पीटीच्या मास्तरांच्या असतात तशा.

बायका हसून हसून बेजार झाल्या. कुणी गळ्यात घालून मिरवली, कुणी वाजवून पाहिली, एकीनं तर नवऱ्याला बोलवायला बरी म्हणून दोन मागितल्या. मोहनानं सगळ्यांचं हसू होऊ दिलं आणि मग कुंकवाची कोयरी हातात धरूनच समजावून सांगितलं. पाणी शिरायला लागलं की खालच्या बाईनं शिट्टी वाजवायची. हाक पावसात विरते, शिट्टी विरत नाही. शिट्टी ऐकली की तिच्या जोडीच्या वरच्या बाईनं दार उघडायचं, खाली माणूस धाडायचा आणि सगळ्यांना वर घ्यायचं. अशा जोड्या तिनं तिथल्या तिथे लावल्या. कोण कोणाची, हे बायकांनीच हसतखेळत ठरवलं. “प्रत्येकीला वरच्या मजल्यावर एक माहेर,” मोहना म्हणाली, आणि हे मात्र सगळ्यांना एकदम पटलं. तिच्या डोक्यावर राहणारी हंसाबेन तिच्याहून चांगली पंधरा वर्षांनी लहान. ती म्हणाली, “एटले मोहनाबेन, हुं तमारी मम्मी?” त्यावर पुन्हा हशा.

त्या दिवशी खोलीत एक बाई नव्हती. निरुपमा कर्णिक, वसंतरावांची बायको. वसंतराव दिवाळीच्या तोंडावर गेले होते.

निरुवहिनी मोहनाच्या हळदीकुंकवाला नेहमी सगळ्यांच्या आधी यायच्या. अत्तरदाणी त्यांच्या हातात, पानसुपारी त्यांच्या देखरेखीखाली. यंदा त्यांना बोलवायचं की नाही, हा प्रश्न मोहनाला पडला, आणि तिनं तो फार वेळ पडू दिला नाही. त्यांना उगाच वाईट वाटेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. आलेल्या बायकांच्या कपाळाला कुंकू लावत तबक पुढे जाणार आणि त्यांच्यापाशी येऊन अडखळणार, त्यापेक्षा नकोच. आपण काही जुन्या वळणाच्या नाही, आपण त्यांच्याच मनाचा विचार करतोय, असं तिला अगदी खरोखर वाटत होतं. अशा वेळी सगळ्यांनाच ते खरोखर वाटतं.

दुसऱ्या दिवशी ती तिळगुळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेली. निरुवहिनींनी दार उघडलं. साडी नीट, केस नीट, कपाळ तेवढं मोकळं.

“काल बराच गलका होता गं,” त्या म्हणाल्या. “काय लुटलंस यंदा?”

“काही नाही हो. शिट्ट्या.”

“शिट्ट्या?” त्या हसल्या. “पोरांच्या? बरं सुचतं तुला.”

उरलेली एक शिट्टी मोहनाच्या हातातल्या कापडी पिशवीत होती. तिचा हात पिशवीत गेलासुद्धा. पण ते वाण होतं. सवाष्णीच्या ओटीतलं वाण आता यांच्या हातात ठेवायचं म्हणजे त्यांना काय वाटेल? आणि बोलावलं का नाहीस, असं त्यांनी विचारलं तर? मोहनानं हात काढून घेतला आणि थंडीचा विषय काढला. वाण म्हणून नको, मागाहून सहज म्हणून देऊ, असं तिनं ठरवलं. मग रसिकाचं बाळंतपण आलं, मग लग्नसराईच्या साड्या आल्या, मग उन्हाळा. जून उजाडला, तेव्हा मोहना आजव्याचे आकडे बघत होती आणि ती एक शिट्टी शिलाईच्या खणात दोऱ्याच्या रिळांखाली गेली होती.

ऑगस्टमध्ये श्रावणातल्या सातम-आठमच्या सुट्टीत अर्धी सोसायटी गावाला गेली. गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवसापासून पाऊस जो लागला तो लागलाच. मोहनाच्या मोबाइलवर आजव्याचे आकडे चढत होते, विश्वामित्रीचे चढत होते, आणि त्यांच्या मध्ये कुणीतरी कृष्णाचे पाळणे धाडत होतं. जनार्दन कारखान्यात. रस्ता बंद झाल्यामुळे पुढची पाळी येऊ शकत नव्हती आणि त्याला निघता येत नव्हतं. “तू लगेच वर जा,” एवढंच तो फोनवर पुन्हा पुन्हा म्हणत होता. मग वीज गेली आणि पाठोपाठ फोनही लागेनासा झाला.

सकाळी ती मोरीशी उभी होती. तिला ठाऊक होतं तिथूनच येणार. जाळीखाली पाणी एकदा गुडगुडलं, थांबलं, आणि मग वर आलं. मोहनानं शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग कुठूनतरी दुसरी शिट्टी वाजली. मग तिसरी, मग मागच्या बाजूनं आणखी एक. पावसाच्या त्या धुमाकुळात शिट्ट्या अशा कडक वाजत होत्या की मोहनाच्या अंगावर काटा आला. वरची दारं धडाधड उघडली. हंसाबेन आणि तिचा नवरा जिन्यात आले, कागदपत्रांची पिशवी, औषधांचा डबा, साड्यांचं बोचकं भराभर वर गेलं. सोसायटीभर हेच चाललं होतं. लहान मुलं, सिलिंडर, म्हातारेकोतारे, एक कुत्रं, सगळं वर. गेल्या खेपेला जे दिवसभर जमलं नव्हतं ते पाणी गुडघ्याला लागायच्या आत झालं.

हंसाबेनच्या घरात स्टोव्हवर चहा झाला. शेजारच्या बायका ओल्या पदरांनी येऊन बसल्या होत्या आणि जो तो मोहनाचं कौतुक करत होता. वरच्या मजल्यावरचे उदयसिंहराव मोहिते जिना उतरून खास तेवढ्यासाठी आले. एकेकाळचे पोहण्याचे मास्तर, आता दोन्ही गुडघ्यांना पट्टे. “मोहनाताई, मानलं तुम्हाला,” ते म्हणाले. “आता तुम्हाला आजवाबेन म्हणेल त्याची गाठ माझ्याशी.” मोहनाला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांनी तिची छाती हलकी झाली होती. चहाचा कप घेऊन ती गॅलरीत आली आणि सवयीनं खालची घरं मोजू लागली. आपली बिल्डिंग, सगळे वर. मागची, सगळे वर. समोरची.

समोरच्या तळमजल्याच्या खिडकीला पडदा होता. निळ्या फुलांचा. त्याची खालची कड पाण्यात तरंगत होती.

“निरुवहिनी कुणाकडे आहेत?” तिनं आत येऊन विचारलं.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीला वाटलं त्या दुसरीकडे असतील. दुसरीला वाटलं त्या नागरवाड्याला लेकीकडे गेल्या असतील, सण आहे ना. त्यांच्या डोक्यावरचे पटेल सातम-आठमला गावी गेलेले, दाराला कुलूप. “एमनी जोडी कोनी साथे हती?” हंसाबेननं विचारलं. त्यांची जोडी कुणाशी होती?

कुणाशीच नव्हती. जोड्या ज्या खोलीत लागल्या त्या खोलीत त्यांना येऊच दिलं नव्हतं. “त्यांना मी सांगितलंच नाही,” ती म्हणाली. “मी त्यांना बोलावलंच नव्हतं.” सगळ्यांना सगळं कळलं, कारण यंदा त्यांना कोणीच कशालाच बोलावलं नव्हतं. चैत्रगौरीला नाही, मंगळागौरीला नाही, शीतळासातमच्या थंड जेवणालाही नाही.

मदतीचा नंबर उदयसिंहरावांनी लावून पाहिला. फोन मेला होता. होडी रस्त्यानं दिसली तर ओरडून थांबवायची, म्हणून दोघांना गच्चीवर पाठवलं. पण होडी केव्हा येणार आणि कुठल्या रस्त्यानं, हे देवाला माहीत. पाणी जिन्याची आणखी एक पायरी चढलं होतं. मोहनाला उभं राहवेना. ती जिना उतरायला लागली तसं हंसाबेननं तिचा दंड धरला. “मगर छे पाणीमां!” विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पुराबरोबर त्या सोसायट्यांत शिरतात, हे बडोद्याच्या पोराला अक्षरओळखीच्या आधी ठाऊक होतं. मोहनाला ठाऊक नव्हतं असं नाही. तिला भीती वाटतच होती. पण तिच्या डोळ्यांपुढून प्लास्टिकची ती खुर्ची हलेना आणि खुर्ची धरणारे वसंतराव हलेनात.

“एकटी नाही जायचं,” उदयसिंहराव म्हणाले आणि गुडघ्याचे पट्टे सोडायला लागले. “दोरी आहे का कुणाकडे?”

दोरी कुणाकडेच नव्हती. कपडे वाळत घालायच्या तारा होत्या, त्यांचा उपयोग नाही. मोहनानं बोचकं सोडलं. आत गिऱ्हाइकांच्या साड्या होत्या. पटोळं, दोन पैठण्या, कुणाच्या तरी लेकीचं लग्नातलं घरचोळं. एरवी या साड्यांना ओला हात लावणाऱ्यावर ती खेकसली असती. आता तिनं त्या एकमेकींना निरगाठी मारून बांधल्या, आणि जिची पैठणी होती ती बाई समोर बसून स्वतः गाठ ओढून घट्ट करत होती. एक टोक जिन्याच्या कठड्याला गेलं, दुसरं उदयसिंहरावांच्या कमरेला. मध्ये मोहना.

पाणी छातीपर्यंत होतं आणि त्याला ओढ होती. पायाखाली कधी फुटपाथची कड, कधी काहीच नाही. बाजूनं काहीतरी लांबट काळं वाहत गेलं आणि मोहनानं दोरी गच्च धरली. झाडाची फांदी होती. मधला रस्ता, जो ओलांडून ती रोज दह्याचं विरजण मागायला जायची, तो संपता संपेना. समोरच्या बिल्डिंगची भिंत हाताला लागली तेव्हा तिला रडू फुटलं. पुढचं दार ढकलून पाहिलं, पण आत फ्रिज तरंगत येऊन दाराला आडवा पडला होता. दोघं भिंतीला धरून मागच्या अंगाला गेले. तिथे स्वयंपाकघराची खिडकी होती आणि भांडी घासायच्या चोकडीचं दार.

खिडकीतून मोहनाला त्या दिसल्या. निरुवहिनी ओट्यावर उभ्या होत्या. शेगडी बाजूला सारलेली. एका हातानं वरची फळी धरलेली, दुसऱ्या हातात वसंतरावांचा फोटो, आणि पाणी ओट्यावर चढून त्यांच्या पावलांना लागत होतं. त्या ओरडत नव्हत्या, रडत नव्हत्या. पाहुणी जशी अनोळखी घरात अवघडून उभी राहते तशा उभ्या होत्या.

“वहिनी!” मोहना किंचाळली. “वहिनी, मी मोहना! शिट्ट्या ऐकू नाही आल्या का तुम्हाला?”

“आल्या की,” निरुवहिनी म्हणाल्या. त्यांचे ओठ निळे पडले होते. “मला वाटलं, तुमचं काहीतरी ठरलेलं असेल.”

“मग हाक का नाही मारलीत? खिडकीतून नुसतं ‘मोहना’ म्हटलं असतंत तरी—”

“पटेलांचं दार वाजवून आले मी आधी. कुलूप होतं. मग यांचा फोटो घ्यायला परत आत आले, तेवढ्यात पाणी वाढलं.” त्यांनी हातातला फोटो सावरला. “आणखी कुणाकडे जाणार? बोलावणं कुठं होतं मला?”

त्यात टोमणा नव्हता. आज गुरुवार आहे असं सांगावं तितक्या साधेपणानं त्या बोलल्या. मोहनाला वाटलं की पाणी पुढे आलं तर येऊ दे, आपल्याला इथेच नेऊ दे. पण उदयसिंहराव चोकडीच्या दाराला खांदा देत होते आणि तिला ओरडत होते, “ताई, रडायचं नंतर! जोर लावा!” तिनं जोर लावला. पाण्यानं फुगलेलं दार दोन बोटं सरकलं, मग हातभर, आणि ती आत गेली.

निरुवहिनींना खाली उतरवेना. पाण्याकडे बघितलं की त्यांचे पाय आखडत होते. मोहना ओट्याला पाठ लावून उभी राहिली. “माझ्या पाठीवर या.”

“अगं, वजन आहे माझं.”

“असू दे.”

“आणि हे?” त्यांनी फोटो पुढे केला. उदयसिंहरावांनी तो घेतला, सदऱ्याच्या आत घातला आणि वरून बटणं लावली. मग निरुवहिनींनी मोहनाच्या गळ्यात हात टाकले. साड्यांच्या त्या दोरीला धरून तिघं परत निघाली आणि समोरच्या जिन्यात उभ्या असलेल्या बायका हाताला रग लागेस्तोवर ती दोरी ओढत राहिल्या. पटोळ्याचा रंग पाण्यात उतरला नाही, पण दोन्ही पैठण्या कायमच्या गेल्या. त्याबद्दल पुढे कुणी चकार शब्द काढला नाही.

पाणी दोन दिवस हटलं नाही. हंसाबेनच्या घरात कोणी पलंगावर, कोणी जमिनीवर, सगळी माणसं दाटीवाटीनं राहिली. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा मंडळाची माणसं ट्रॅक्टरवरून खिचडीची पाकिटं आणि पाणी देऊन गेली, तेव्हा निरुवहिनींनीच ती घरोघर वाटून दिली. त्यांना काम लागत होतं. मोहना त्यांच्या आसपास घुटमळत राहिली. तिला बोलायचं होतं आणि तोंड उघडलं की रडू यायचं. शेवटी भांडी विसळता विसळता ती म्हणाली, “वहिनी, त्यांनी माझ्या सासूबाईंना आणलं होतं. आणि मी तुम्हाला…”

“तू आलीस की,” निरुवहिनी म्हणाल्या. मग त्यांनी पुसायला दुसरं ताट घेतलं. “तुला एकटीला बोल लावून कसं चालेल? माझ्याकडे अश्विनातलं हळदीकुंकू किती वर्षं व्हायचं, तुला माहीत आहे. मागच्या लायनीतल्या रखमाबाईंना मी एकदाही बोलावलं नाही. मलाही असंच वाटायचं, त्यांना उगाच वाईट वाटेल.”

रखमाबाई जगदाळे. शेवटच्या लायनीत, नवरा गेल्यापासून एकट्या. पूर आला त्या दिवशी रखमाबाईंची आठवण तिलाही झाली नव्हती. त्यांचं जोतं उंच होतं आणि पाणी त्यांच्या शेवटच्या पायरीशी येऊन थांबलं, एवढंच. ते थांबलं नसतं तर सोसायटीतल्या एकाही माणसानं त्यांच्या खिडकीकडे पाहिलं नसतं.

गाळ उपसून झाला, गाद्या फेकून झाल्या, भिंतींना नवा रंग लागला. तरी मोहनाची झोप काही परत आली नाही. दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती निरुवहिनींना म्हणाली की आता हळदीकुंकवाची वाट बघायची नाही. घरोघर जायचं, बाई असो, बाप्या असो, कुणीही असो, आत जाऊन बसायचं, बोलायचं आणि त्याला वरचं घर लावून द्यायचं. निरुवहिनींनी चपला घातल्या. “चल, मागच्या लायनीपासून सुरू करू,” त्या म्हणाल्या.

रखमाबाईंच्या दाराशी दोघी जरा थबकल्या. इतक्या वर्षांत दोघींपैकी कुणीच ती बेल वाजवली नव्हती. मोहनानं वाजवली. बऱ्याच वेळानं साखळीइतकंच दार उघडलं आणि फटीतून एक सुरकुतलेला चेहरा दिसला.

“ऋचा कॉलेजातून आली नाहीये अजून,” रखमाबाई म्हणाल्या. ऋचा म्हणजे पुरानंतर त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायला आलेली मुलगी. “सहानंतर या.”

“ऋचाकडे नाही आलो, रखमाबाई,” निरुवहिनी म्हणाल्या. “तुमच्याकडे आलोय.”

“माझ्याकडे?”

“हो. तुमच्याकडेच. बसायला.”

रखमाबाईंनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग त्यांचा हात आपल्या विटक्या पातळाच्या पदराकडे गेला आणि त्या एकदम गडबडल्या.

“जरा थांबता का हो बाहेरच?” त्या म्हणाल्या. “जाऊ नका. मी चांगलं नेसून येते.”